दहाव्या गोळीनंतरचे तीन सेकंद

बंदुकीचे मॅगझिन म्हणजे चार भागांची पेटी. बाहेर पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा डबा, आत स्प्रिंग, स्प्रिंगच्या डोक्यावर काडतुसे उचलून धरणारी पट्टी, जिला फॉलोअर म्हणतात, आणि खाली बूड बंद करणारी तळपट्टी. डब्याच्या वरच्या कडा आत वळवलेल्या असतात आणि त्या सर्वांत वरचे काडतूस अडवून धरतात. गोळी सुटली की बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा भाग, मागे जातो, पुढे येताना ते काडतूस नळीत सारतो आणि स्प्रिंग पुढचे काडतूस वर आणते. अमेरिकेतली काही राज्ये १९९० पासून या पेटीत किती काडतुसे मावावीत यावर कायदे करत आली आहेत, आणि तेव्हापासून त्यावर भांडणही चालू आहे.

कायद्यामागचा सगळा विचार पेटी बदलण्याच्या क्षणाभोवती फिरतो. पिस्तुलातली पेटी रिकामी झाली की स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे अडकून राहते. मग बटण दाबून रिकामी पेटी खाली पाडायची, कमरेची भरलेली काढायची, तिचे तोंड बरोबर दिशेला ठेवून खटका वाजेपर्यंत आत ठोकायची आणि स्लाइड सोडायची. सरावलेल्या हाताला याला दोन-तीन सेकंद पुरतात. घाबरलेल्या किंवा नवख्या हाताकडून पेटी उलटी घातली जाते, अर्धवट बसते, कधी हातातून निसटते. तेवढा वेळ गोळीबार थांबलेला असतो.

८ जानेवारी २०११ रोजी ॲरिझोनातल्या टूसन शहरात हे दिसले. हल्लेखोराच्या ग्लॉक पिस्तुलाला ३३ गोळ्यांची लांब पेटी होती. तिने काही सेकंदांत सहा जणांचा जीव घेतला. खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्या डोक्यात गोळी लागली. तो पेटी बदलू लागला तेव्हा जवळच्या लोकांनी त्याला खाली पाडले आणि एका बाईंनी नवी पेटी त्याच्या हाती लागू दिली नाही. गिफर्ड्स यांचे पती मार्क केली यांनी जानेवारी २०१३ मध्ये सिनेटच्या समितीपुढे सांगितले की तेरावी गोळी एका नऊ वर्षांच्या मुलीला लागली. पेटी दहाची असती तर तेराव्या गोळीआधी एकदा थांबावे लागले असते.

हा हिशेब कुणालाही करता येतो. डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकटमधल्या सँडी हूक शाळेत पाच मिनिटांच्या आत रायफलच्या १५४ गोळ्या सुटल्या. पेट्या ३० च्या होत्या, म्हणजे किमान पाच वेळा पेटी बदलणे आले; दहाच्या पेट्यांनी ते किमान १५ वेळा करावे लागले असते. ऑगस्ट २०१९ मध्ये ओहायोतल्या डेटन शहरात पोलीस जवळच होते आणि त्यांनी हल्लेखोराला सुमारे ३२ सेकंदांत ठार केले. तेवढ्या वेळात त्याने १०० गोळ्यांच्या ड्रममधून, म्हणजे गोल पेटीतून, ४१ गोळ्या झाडल्या होत्या. नऊ माणसे मेली, आणि पेटी एकदाही बदलावी लागली नाही.

ड्रम मात्र बेभरवशाचा असतो. काडतुसे गोलाकार मार्गाने सरकतात, घर्षण वाढते, एवढी रांग ढकलताना स्प्रिंगचा जोर कमी-जास्त होतो आणि काडतूस वाकडे येऊन अडकते. २०१२ साली कोलोरॅडोतल्या ऑरोरा चित्रपटगृहातल्या हल्लेखोराचा ड्रम असाच अडकला होता.

मग मर्यादा किती असावी? १९९४ च्या संघराज्य कायद्याने दहाचा आकडा धरला; तो कायदा २००४ मध्ये संपला, पण आकडा टिकला. कोलोरॅडोने २०१३ मध्ये १५ ठरवले, डेलावेअरने २०२२ मध्ये १७. इलिनॉयमध्ये रायफलला १० आणि पिस्तुलाला १५. बंदूक बनवणाऱ्या विल्यम रुगर यांनी १९८९ मध्येच पंधराची मर्यादा सुचवली होती. पंधरा आणि सतरा हे आकडे ओळखीचे आहेत: ग्लॉक १९ पिस्तुलाच्या नेहमीच्या पेटीत १५ गोळ्या मावतात, ग्लॉक १७ च्या पेटीत १७.

आकड्याइतकीच व्याख्याही महत्त्वाची. काडतूस जाडजूड असेल तर साधारण तेवढ्याच आकाराच्या पेटीत कमी मावतात; ग्लॉक १९ मध्ये नऊ मिलिमीटरची १५, तर तेवढ्याच ग्लॉक २३ मध्ये पॉइंट फोर झीरो इंचाची, म्हणजे जास्त जाड, १३. म्हणून ‘कोणत्या काडतुसासाठी’ हे कायद्यात स्पष्ट असलेले बरे. पॉइंट टू-टू या बारीक काडतुसांच्या, बंदुकीला कायम जोडलेल्या नळीसारख्या मॅगझिनला बऱ्याच राज्यांत सूट आहे. ती नळी झटकन काढून बदलता येत नाही, एकेक काडतूस घालत बसावे लागते, त्यामुळे ही सूट रास्त वाटते.

पुराव्याबद्दल प्रामाणिक राहायला हवे. १९९० ते २०१७ मधल्या ६९ मोठ्या सामूहिक हत्याकांडांच्या एका अभ्यासात मोठ्या पेट्या वापरलेल्या घटनांत सरासरी मृत्युसंख्या ६२ टक्क्यांनी जास्त आढळली. पण जास्त माणसे मारायचे ठरवून आलेलाच मोठी पेटी आणतो, हीही शक्यता आहेच. विरोधकांचे म्हणणे असे की घरात दोन-तीन जण घुसले तर दहा गोळ्या अपुऱ्या पडतील. न्यायालयांपुढे आलेल्या एका विश्लेषणात मात्र स्वसंरक्षणाच्या घटनांत सरासरी २.२ गोळ्या सुटल्याचे दिसले. माझ्या मते पारडे मर्यादेच्या बाजूने झुकते, कारण तिची किंमत काही सेकंदांची गैरसोय आहे.

न्यायालयात खरा वाद वेगळाच आहे: पेटी हे राज्यघटनेचे संरक्षण असलेले शस्त्र की नुसती शस्त्राची जोडवस्तू? मार्च २०२५ मध्ये नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांच्या, संघराज्य अपील न्यायालयाने कॅलिफोर्नियाची बंदी कायम ठेवताना मोठ्या पेटीला जोडवस्तू मानले. न्यायमूर्ती लॉरेन्स व्हॅनडाइक यांनी असहमती मांडताना स्वतः पिस्तूल हातात घेऊन व्हिडिओ केला, बंदुकीचे भाग असे वेगळे काढता येत नाहीत हे दाखवायला. मे २०२५ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही सात विरुद्ध दोन मतांनी बंदी टिकवली.

कायदा खरोखर कुठे गळतो, तर जुन्या पेट्यांत. वॉशिंग्टनने विक्री, आयात आणि निर्मिती थांबवली, जवळ बाळगणे नाही. ऱ्होड आयलंडने १८० दिवस दिले: पेटी कायमची दहावर आणा, विका, नाहीतर जमा करा. न्यू जर्सीत नुसती जवळ असणेही गुन्हा आहे. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात अशी मर्यादाच नाही. तिथून न्यू जर्सीतल्या एडिसनकडे राहायला येणाऱ्या कुणाकडे परवान्याची बंदूक असेल, तर दोन राज्यांमधल्या डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडण्याआधी पेट्या तपासाव्यात. बंदुकीवर क्रमांक असतो, पेटीवर सहसा काहीच नसते. २०१९ मध्ये एका निकालामुळे कॅलिफोर्नियात मोठ्या पेट्यांची विक्री साधारण आठवडाभर खुली झाली आणि त्या काळात लोकांनी लाखो पेट्या घेतल्या. आज अशी एखादी पेटी पोलिसांच्या टेबलावर आली, तर ती त्या आठवड्यात घेतली की नंतर शेजारच्या राज्यातून आणली हे तिच्याकडे बघून सांगता येत नाही.