लीड डिझाइन इंजिनिअरच्या फायलीमागचा इतिहास

ऑर्थोपेडिक इम्प्लांटवर (हाडांत आणि सांध्यांत बसवायच्या कृत्रिम भागांवर) काम करणाऱ्या लीड डिझाइन इंजिनिअरचा दिवस ड्रॉइंगपेक्षा फायलीत जास्त जातो. गरजांची यादी, जोखमीचा तक्ता, चाचण्यांचे प्रोटोकॉल, रिव्ह्यूच्या सह्या. नव्याने रुजू झालेल्यांना हा कागदी खटाटोप वाटतो. पण यातले बरेचसे रकाने कुठल्या ना कुठल्या फसलेल्या इम्प्लांटनंतर आले आहेत.

सुरुवातीला डिझायनर म्हणजे सर्जनच. १८९० च्या सुमारास बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी हस्तिदंताचे सांधे बसवले. क्षयाने पोखरलेल्या सांध्यांत जंतुसंसर्गापुढे ते टिकले नाहीत. लंडनच्या आर्बथनॉट लेन यांच्या पोलादी पट्ट्या शरीरात गंजत. १९३७ मध्ये व्हेनेबल, स्टक आणि बीच यांनी दाखवले की वेगवेगळे धातू शरीरातल्या खारट द्रवात एकत्र आले की विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि भोवतालचे हाड बिघडते. आजही प्लेट आणि स्क्रूचा धातू जुळतो का, हे आधी पाहिले जाते.

खरा धडा मात्र इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयातला. जॉन चार्नली यांनी खुब्याच्या सांध्यातले घर्षण कमी करण्यासाठी मांडीच्या बाजूच्या गोल डोक्याचा (वाटीत फिरणाऱ्या गोळ्याचा) व्यास २२.२२५ मिमीपर्यंत आणला आणि वाटीसाठी टेफ्लॉन निवडले. घर्षण खरोखरच कमी झाले. पण घर्षण कमी म्हणजे झीज कमी, असे नसते. टेफ्लॉनची वाटी तीन-चार वर्षांत झिजली, तिच्या कणांभोवती ऊतींच्या गाठी झाल्या आणि सुमारे ३०० रुग्णांच्या वाट्या वाया गेल्या. १९६२ मध्ये त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी कापडगिरण्यांतल्या गिअरसाठी वापरले जाणारे उच्च रेणुभाराचे पॉलिथिलीन झीजयंत्रावर लावले. नखाने सहज ओरखडा उठतो म्हणून चार्नलींनी ते आधी नाकारले होते. तीन आठवडे रात्रंदिवस फिरूनही ते टेफ्लॉन एका दिवसात झिजते तेवढेही झिजले नाही. त्याच नोव्हेंबरपासून त्या वाट्या बसू लागल्या. या क्षेत्रात बेंच टेस्टला (रुग्णाआधी यंत्रावर घेतलेल्या चाचणीला) जो मान आहे, तो इथून.

पॉलिथिलीननेही पुढे दगा दिला. हवेत पॅक करून गॅमा किरणांनी निर्जंतुक केले की त्यात मुक्त मूलके (ऑक्सिजनशी चटकन जुळणारे रेणूंचे तुटके भाग) उरतात; खोका कपाटात पडून असतानाच ऑक्सिडेशन होते आणि पृष्ठभागाखाली पांढरा, ठिसूळ पट्टा तयार होतो. म्हणून पॅकिंग आता नायट्रोजनमध्ये किंवा निर्वातात होते आणि झिजेची चाचणी कृत्रिमरीत्या जुन्या केलेल्या नमुन्यांवरही घेतली जाते.

कायदा बराच उशिरा आला. औषधे आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने १९८३ ते १९८९ मधले रिकॉल (बाजारातून परत मागवलेली उपकरणे) तपासले, तेव्हा गुणवत्तेच्या सुमारे ४४ टक्के दोषांचे मूळ डिझाइनमध्येच निघाले. कारखान्याने ड्रॉइंगबरहुकूम माल बनवूनही तो चुकीचाच ठरत होता. १९९० च्या कायद्याने एफडीएला डिझाइनवर अधिकार दिला आणि १ जून १९९७ पासून डिझाइन कंट्रोल, म्हणजे डिझाइनच्या प्रत्येक टप्प्यासाठीचे नियम, लागू झाले. प्रत्येक इनपुटला (गरजेला) मोजता येईल असे आउटपुट (ड्रॉइंग, माप, तपशील) हवे. व्हेरिफिकेशन म्हणजे ठरवले ते बनले का. व्हॅलिडेशन म्हणजे वापरणाऱ्याला ते उपयोगी पडते का, आणि तेही प्रोटोटाइपवर नव्हे, तर उत्पादनाच्या सुरुवातीच्या किंवा तत्सम नगांवर. रिव्ह्यूला त्या टप्प्याची थेट जबाबदारी नसलेला एक तरी माणूस बसलाच पाहिजे, अशी अटही १९९७ च्या त्या नियमांत होती. ही अट घाईत सर्वांत आधी मोडते, म्हणून तिची राखण लीडनेच करायची.

खुब्याच्या स्टेमची (मांडीच्या हाडात रोवलेल्या दांड्याची) थकवा-चाचणी आयएसओ ७२०६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे २.३ किलोन्यूटनवर ५० लाख आवर्तने चालते. नमुना मधल्या साइझचा घेणे ही नेहमीची चूक. सर्वांत बारीक स्टेम आणि सर्वांत मोठा ऑफसेट (स्टेमच्या अक्षापासून डोक्याच्या केंद्राचे अंतर) एकत्र आला की स्टेमवर वाकवणारा ताण जास्तीत जास्त पडतो. वर्स्ट केस, म्हणजे सर्वांत वाईट जोडणी, निवडायची ती अशी, आणि निवडीचे कारण प्रोटोकॉलमध्ये लिहायचे.

चाचणीत पास झालेले डिझाइन नंतरच्या बदलानेही बिघडते. फ्रान्समधल्या एका उत्पादकाने झिर्कोनियाचे (एका सिरॅमिकचे) डोके भाजण्यासाठी बॅच भट्टीऐवजी टनेल भट्टी आणली. ड्रॉइंगवरचे माप तेच राहिले, पण थंड होण्याचा क्रम बदलला, स्फटिकरचना अस्थिर झाली, रुग्णांच्या शरीरात डोकी फुटू लागली आणि २००१ मध्ये ती परत मागवावी लागली. पुरवठादाराने भट्टी बदलली तरी ती सूचना डिझाइन लीडच्या टेबलावर का यावी, ते यावरून कळते.

२०१० मध्ये मोठ्या डोक्याचा धातूवर-धातू असा एक सांधा जगभरातून मागे घेतला गेला. त्याची वाटी उथळ होती. ती जरा तिरकी बसली की डोके काठावर टेकायचे, वंगणाचा थर तुटायचा आणि कोबाल्ट-क्रोमियम ऊतींत उतरायचे. तेव्हाच्या प्रमाणित झीज-चाचण्या वाटी नीट बसलेली आहे असे धरूनच होत. काठावरचा भार तपासणारा आयएसओ १४२४२-४ हा भाग २०१८ मध्ये आला.