कापसाची खोली, बाईचा कोपरा

दिवाळीच्या आगेमागे वेचणीचा कापूस घरात येतो आणि भाव चढेल या आशेनं तिथंच मुक्काम ठोकतो. विदर्भातल्या कितीतरी घरांत अर्धं माजघर तेव्हा कापसाचंच असतं. पोरं ढिगावर उड्या मारतात, आमचं बालपण त्यातच लोळलं. बाप येता-जाता ढीग डोळ्यांनी मापतो. माय चुलीची ठिणगी उडेल या धाकानं रात्रीतून दोनदा उठते. म्हातारी अंग खाजवत बाज कुठं टाकू म्हणून कुरकुरते. खोली मात्र एकच.

याची मुळं जुनी आहेत. 1853 मध्ये निजामाचा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेला. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, विलायतेतल्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. ज्यांच्याकडे जमीन होती त्यांची घरं ऐसपैस झाली. घर वाढलं तशा त्यातल्या रेषाही पक्क्या झाल्या. ढेलज म्हणजे दारालगतची जागा, बैठक, ओसरी पुरुषांची. माजघर आणि सयपाकघर बायांचं. सासरा ओसरीवर असला की सून मागच्या दारानं जाणार. बाळंतिणीची खोली तर मुद्दाम अंधारी: खिडकीला फडकं, बाजेखाली शेगडी, ओव्याचा धूर. गडचिरोलीत माडिया-गोंड गावांत पाळीच्या दिवसांसाठी वेगळं कुर्मा घर, वस्तीच्या कडेला, जिथं रात्री सापाची भीती.

पण वय या रेषा सरकवतं, हे सहसा कोणी सांगत नाही. नवी सून म्हणून चुलीपाशी कोंडलेली बाई सासू झाली की उंबरठ्यापर्यंत येते, नातवंडं झाली की ओसरीवर बसून भाजी निवडते. पुरुषाचं बहुधा उलटं. बैठकीतला मालक म्हातारपणी सपरीतल्या, म्हणजे छपरीतल्या, बाजेवर जातो आणि चहाची वाट पाहतो.

जागेनं मनाला काय होतं, हे मोजायला शास्त्राला बराच वेळ लागला. मेहराबियन आणि रसेल या मानसशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये जागेबद्दलची भावना तीन मापांत बसवली: बरं वाटणं, मन चेतणं आणि आपला ताबा असल्यासारखं वाटणं. माझ्या मते आपल्याकडे तिसरं मापच निर्णायक. पुढे 2000 मध्ये स्वीडनच्या नेझ आणि कर्स यांनी दिव्यांवर प्रयोग केला. पिवळसर आणि निळसर उजेडाचा मनःस्थितीवर होणारा परिणाम तेविशीच्या आणि पासष्टीच्या आसपासच्या माणसांत एकमेकांच्या उलट निघाला. त्यात शरीराचाही भाग आहे. साठीच्या डोळ्यात विशीच्या मानानं जेमतेम एक तृतीयांश उजेड पोचतो. म्हातारी माणसं दारातच का बसतात, याचं निम्मं उत्तर इथं आहे.

मग सरकारी घरकुलं आली. 1985-86 मध्ये इंदिरा आवास योजना सुरू झाली. घर बाईच्या नावे किंवा नवरा-बायकोच्या नावे देण्याची तरतूद त्यात होती. 2016 पासून प्रधानमंत्री आवास योजनेत किमान 25 चौरस मीटर, सयपाकाची जागा धरून. ओसरी, ढेलज, माजघर यांचा हिशेबच संपला. पुरुषाची बैठक गेली, बाईचा आडोसाही गेला, पण कडी असलेलं पक्कं दार आलं. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात जाड मातीच्या भिंती उन्हाळा अडवत. सिमेंटचा स्लॅब रात्रीही आग ओकतो.

आमच्या शेजारच्या घरकुलात सुनेनं पहिल्याच आठवड्यात भिंतीला गुलाबी रंग दिला. कसं वाटते विचारलं तर म्हणाली, “दार लावता येते न भाऊ.” सासूनं दोन रात्री काढल्या आणि बाज उचलून जुन्या टिनाच्या सपरीत नेली. “त्या डब्ब्यात जीव घाबरते मायावाला. कोण आलं, कोण गेलं, काहीच दिसत नाही.” यंदाचा कापूस घरकुलात भरलाय, सून त्याला टेकून मोबाइल पाहते.