नाकातल्या दोन नळ्या: एक श्वासाची, एक दुधाची

हिवाळ्यात रावेर-यावलकडून छाती भरलेली तान्ही बाळं जळगावला येतात. आमच्या आयसीयूत परवा एक आई म्हणाली, "सिस्टर, मना पोऱ्याले भूक लागनी," आणि बोट दाखवलं ऑक्सिजनच्या नळीकडे. दूध त्यातूनच सोडायचं, असं तिला वाटलं होतं.

ऑक्सिजनच्या नळीची दोन आखूड, मऊ टोकं नाकपुड्यांत जेमतेम शिरतात. त्यातून गरम, ओलसर हवा जोरात येते. तान्ह्याला वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला साधारण २ लिटरपर्यंत. काम फुप्फुसांचं, पण थोडी हवा पोटातही जाते आणि पोट टम्म फुगतं.

दुधाची नळी बारीक आणि लांब. एका नाकपुडीतून घशामागून थेट पोटात. लांबी आधी बाळाच्या अंगावरच मोजतो: नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत, तिथून छातीचं हाड संपतं ती जागा आणि बेंबी यांच्या मध्यापर्यंत. मग पोटातलं पाणी ओढून आंबटपणा मोजणाऱ्या पट्टीवर बघतो. पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा (जितका कमी तितकं आंबट), ५.५ किंवा त्याखाली आला तर नळी जागेवर. शंका असली तर एक्स-रे. नुसती हवा मारून पोटावर गुडगुड ऐकणं भरवशाचं नाही. फुगलेल्या पोटातली हवाही याच नळीने काढता येते.

दूध आम्ही ढकलत नाही. दट्ट्या काढलेली सिरिंज वर धरायची, दूध आपोआप उतरतं. बाळ रडलं की ते नळीत परत वर चढतं, तेव्हा थांबायचं.

ही नळी दिसली की घरचे हबकतात: "आता काही खरं नाही." तसं नाही हो. मिनिटाला ६०-७० श्वास घेणाऱ्या बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ जमत नाही, दूध छातीत जातं. म्हणून आजीबाईंनी रात्री गुपचूप दिलेला एक चमचाही महागात पडतो.

श्वासाला मशीन लावलं म्हणून सरसकट उपाशी ठेवणंही चूक. युरोपातल्या बालअतिदक्षता तज्ज्ञांच्या २०२०च्या शिफारशी, अडचण नसेल तर पहिल्या २४ तासांतच पोटातून आहार सुरू करा, असं सांगतात. धाप वाढत असेल, व्हेंटिलेटरची वेळ येईलसं वाटलं, तर मात्र डॉक्टर दूध थांबवतात.

त्या आईला मी उकळलेली वाटी दिली. दर तीन तासांनी ती दूध काढून देते, आणि तेच सिरिंजमध्ये जातं.