पाठीची वादी, पोटाची वादी

पोळ्याआधीच्या आठवडी बाजारात मांडलेल्या चामडी जुपण्या साऱ्या सारख्याच चकचकीत दिसतात. बैलाची मान जुवाशी बांधून ठेवणाऱ्या या पट्ट्यांपैकी कोणती बरीच वर्षे चालेल आणि कोणती एका हंगामात लांबून लोंबू लागेल, हे मात्र ती कातड्याच्या कोणत्या भागातून निघाली आहे यावर बरेचसे ठरलेले असते.

कातड्याची ताकद असते ती कोलॅजेन या प्रथिनात. तीन साखळ्यांना पीळ पडून झालेला त्याचा एक रेणू सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि जेमतेम दीड नॅनोमीटर जाड असतो. अशा असंख्य रेणूंचे तंतू, तंतूंच्या जुड्या आणि त्या जुड्यांची एकमेकींत गुंतलेली वीण, अशी ही रचना आहे. बाभळीच्या सालीतले किंवा हिरड्यातले टॅनिन या तंतूंना बांधून ठेवते, म्हणून कमावलेले कातडे सडत नाही. पण जनावराच्या अंगावर वीण जिथे सैल होती, तिथे ती कमावल्यानंतरही सैलच राहते.

कण्याच्या दोन्ही बाजूंना आणि पुठ्ठ्यावर ही वीण सर्वांत दाट असते, जाडीही बरीचशी एकसारखी असते. वादी येथूनच, कण्याला समांतर कापावी. आडवी कापली तर तिचे एक टोक पाठीचे आणि दुसरे पोटाचे येते, आणि ओढ बसली की पोटाकडचे टोक आधी ताणते. चारा-पाण्याने फुगणाऱ्या पोटाला ताणणारीच कातडी लागते, त्यामुळे तिला दोष तरी काय द्यावा! मानेच्या कातड्याला वळ्या असतात आणि जू वाहिलेल्या जनावराच्या मानेवर घट्टाही पडलेला असतो; तो भाग मी तरी वादीसाठी घेणार नाही.

ओळखायचे कसे? केसांकडची, म्हणजे दाण्याची बाजू आत घेऊन पट्टी दुमडावी. पाठीच्या चामड्यावर बारीक, दाटीच्या सुरकुत्या उमटतात. पोटाच्या चामड्यावर ठळक, पोकळ वळ्या येतात, जणू वरचा पापुद्रा खालून सुटला आहे. मग पट्टी उलटून मांसाकडच्या बाजूवर नख घासावे. तिथे लव सुटून केसाळ धागे वर आले, तर पट्टी पोटाची समजावी. रंग आणि मेण यांनी ही बाजू झाकलेली असेल, तर कापलेली कड पाहावी, कारण तिथे वीण उघडी असते. जाडीवर विसंबून राहू नये. जाड कातडे आडवे चिरून काढलेल्या खालच्या थराला मूळचा दाणाच नसतो, वर नुसता रंगाचा लेप देऊन तो खपवतात. गोचिडाचे डाग दिसले म्हणून मात्र पट्टी टाकू नये. आरपार भोक नसेल तर तेवढ्याने ती तुटत नाही.

पोटाचे चामडेही वाया जात नाही. मान घासू नये म्हणून जुपणीला आतून जे अस्तर लावतात, त्यावर ओढ येत नाही, आणि तिथे पाठीचे ताठ चामडे उलट बैलालाच काचते.