रजिस्ट्रीत नाव असणं वेगळं आणि शाळेच्या हजार फुटांत राहायला बंदी असणं वेगळं

अमेरिकेतल्या सेक्स ऑफेंडर रजिस्ट्रीवर कुठला निकाल आला की "कोर्टाने रजिस्ट्री उडवली" असं कुणीतरी लिहून मोकळं होतं. निकाल उघडून बघावा तर रजिस्ट्री जागच्या जागी असते, उडालेली असते ती शाळेजवळ राहायची बंदी, आणि कधीकधी तीही सगळ्यांसाठी नाही, फक्त कायदा येण्याआधी गुन्हा केलेल्यांसाठी. पुष्कळ राज्यांत दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात कोंबलेल्या आहेत त्यामुळे गोंधळ होणारच, पण कोर्टात दोघींचं नशीब फार वेगळं निघालंय.

रजिस्ट्री म्हणजे यादी. लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेल्याने आपला पत्ता, नोकरी, गाडी वगैरे पोलिसांना कळवायचं, बदल झाला की परत कळवायचं, आणि त्यातली बरीचशी माहिती फोटोसकट वेबसाइटवर कुणालाही दिसते. १९९४ च्या फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कायद्याने निधीची अट घालून राज्यांना अशा याद्या ठेवायला लावल्या, १९९६ च्या मेगन्स लॉने माहिती लोकांपुढे आणायला लावली, २००६ च्या अ‍ॅडम वॉल्श कायद्याने गुन्ह्यांच्या तीन पायऱ्या करून कुणी किती वर्षं नोंदणी करायची ते ठरवलं. आता गंमत बघा, ह्या सगळ्या फेडरल खटाटोपात "शाळेपासून इतक्या फुटांवर राहा" असं कुठेच नाहीये. ती बंधनं राज्यांनी आणि गावोगावच्या कौन्सिलांनी आपापली घातलीत, म्हणून कुठे १००० फूट, कुठे २०००, मायामी-डेड काउंटीत तर २५००, आणि तिथे त्याचा परिणाम असा झाला की राहायला जागाच न मिळालेली माणसं काही वर्षं ज्युलिया टटल कॉजवे नावाच्या पुलाखाली तंबू ठोकून राहत होती.

रजिस्ट्रीचा मोठा निकाल २००३ चा, स्मिथ विरुद्ध डो, अलास्कातला. प्रश्न एकच होता, ही शिक्षा आहे का? कारण अमेरिकन राज्यघटनेत एक्स पोस्ट फॅक्टोची बंदी आहे, म्हणजे गुन्हा झाल्यानंतर कायदा करून त्या जुन्या गुन्ह्याची शिक्षा वाढवता येत नाही. सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की ही शिक्षा नाही, लोकांच्या सुरक्षेसाठीची दिवाणी व्यवस्था आहे, त्यामुळे जुन्या गुन्हेगारांनाही लावता येईल. त्याच दिवशी कनेटिकटच्या केसमध्ये दुसरा दरवाजाही बंद झाला. तिथला माणूस म्हणत होता की मी आता धोकादायक नाहीये, यादीत टाकण्याआधी माझी सुनावणी तरी घ्या, तर कोर्ट म्हणालं की यादी धोक्यावर नाही, दोषी ठरण्यावर चालते, आणि तू दोषी ठरलायस हे तर आधीच्या खटल्यातच ठरलंय, मग सुनावणी कशाची घ्यायची. माझ्या मते हे उत्तर कायद्यात चोख बसतं आणि माणसाला अजिबात पटत नाही, पण ते असो.

स्मिथचा निकाल नीट वाचला तर त्यात एक मुद्दा पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ आहे. ही शिक्षा का नाही, ह्याची जी कारणं दिलीत त्यात हे आहे की अलास्कातला माणूस हवं तिथे जाऊ शकतो, हवं तिथे राहू आणि काम करू शकतो, त्याच्यावर कुणाची देखरेख नाही, आणि माहिती बदलली की प्रत्येक वेळी जातीने हजर व्हायची सक्तीही कायद्यात दिसत नाही. म्हणजे रजिस्ट्री वाचली ती हालचालीवर बंधन नव्हतं म्हणून! आणि नंतर राज्यांनी नेमकी तीच बंधनं एकेक करून चढवली.

मिशिगनमध्ये हे अगदी स्पष्ट दिसतं. तिथे २००६ मध्ये शाळेच्या १००० फुटांच्या आत राहायला, काम करायला, रेंगाळायला बंदी आली, २०११ मध्ये तीन पायऱ्या आल्या आणि नवीन ईमेल अकाउंट उघडलं तरी तीन कामकाजाच्या दिवसांत स्वतः जाऊन कळवायचं आलं, आणि हे सगळं जुन्या लोकांनाही लागू. २०१६ मध्ये सिक्स्थ सर्किट ह्या त्या भागाच्या फेडरल अपील कोर्टाने डोज विरुद्ध स्नायडर ह्या केसमध्ये हे सगळं एकत्र बघून सांगितलं की आता ही शिक्षाच झाली, जुन्या गुन्ह्यांना लावता येणार नाही. निकालात न्यायाधीशांनी ग्रँड रॅपिड्स शहराचा नकाशाच छापलाय, त्यात बंदीचे पट्टे दाखवलेत, आणि राहायला-कामाला शहराचा किती भाग हातचा गेला ते बघितल्याबरोबर कळतं. त्याआधी खालच्या कोर्टात तर वेगळीच अडचण निघाली होती, की हजार फूट मोजायचे कुठून कुठे हे धड कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि जी रेषा दिसतच नाही ती ओलांडली म्हणून माणसाला पकडणार कसं. सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये केस ऐकायला नकार दिला, मिशिगनमध्ये २०२१ मध्ये नवा कायदा लागू झाला, त्यात शाळेभोवतीचे पट्टे गेले. यादी राहिली.

पण म्हणून बंधनं कोर्टात हमखास पडतात असंही नाही हां. आयोवाची २००० फुटांची बंदी २००५ मध्ये एट्थ सर्किटने कायम ठेवली, तिथे तर विधिमंडळानेच २००९ मध्ये ती बरीच सैल करून फक्त जास्त गंभीर गुन्ह्यांपुरती ठेवली. उलट कॅलिफोर्नियात २०१५ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सॅन डिएगो काउंटीतल्या पॅरोलवरच्या लोकांपुरती सरसकट बंदी घटनाबाह्य ठरवली, आणि तिथे एक्स पोस्ट फॅक्टोचा संबंधच नव्हता. मुद्दा असा होता की भाड्याने मिळू शकणारी सुमारे ९७ टक्के घरं बंदीच्या पट्ट्यात जातात, माणसं रस्त्यावर येतात, आणि बेघर माणसावर पोलिसांना नजर ठेवणं उलट अवघड होतं, मग सुरक्षेचा हेतू साधतोय कुठे? पॅरोल अधिकारी एकेकाचा विचार करून अट घालू शकतो हे मात्र कोर्टाने मोकळं ठेवलं. हाही एक नेहमीचा घोळ आहे, पॅरोलची अट ही शिक्षेचाच उरलेला भाग असते आणि पॅरोल संपला की सुटते, राज्याच्या कायद्यातलं बंधन मात्र शिक्षा भोगून झाल्यावरही मागे लागून राहतं.

इंटरनेटवरची बंदी हा तिसराच प्रकार. नॉर्थ कॅरोलायनात यादीतल्या माणसाने फेसबुकसारख्या साइटवर जाणंच गुन्हा होता. एकाने ट्रॅफिकचं चलन रद्द झालं म्हणून देवाचे आभार मानणारी पोस्ट टाकली आणि त्यावरून खटला उभा राहिला. २०१७ च्या पॅकिंगहॅम निकालात सुप्रीम कोर्टाने तो कायदा पाडला, एकाही न्यायाधीशाचं विरोधी मत नाही. पण आधार भाषणस्वातंत्र्याचा, शिक्षा आहे की नाही हा वादच नव्हता, त्यामुळे "पॅकिंगहॅममुळे रजिस्ट्री गेली" म्हणणाऱ्यांनी तो निकाल वाचलेला नसतो.

नुसत्या यादीलाच हात घालायचे प्रयत्नही झालेत. पेनसिल्व्हेनियाच्या सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये तिथला कायदा शिक्षा ठरवून जुन्या गुन्ह्यांना लावायला मनाई केली, आणि कोलोराडोत त्याच वर्षी एका फेडरल न्यायाधीशाने तिथला रजिस्ट्रीचा कायदा तीन फिर्यादींपुरता घटनाबाह्य ठरवला, बातम्या जोरात झाल्या. २०२० मध्ये टेन्थ सर्किटने कोलोराडोचा तो निकाल फिरवला, आणि कारण म्हणून पुढे केला तोच २००३ चा स्मिथ.