बॅन्शी कुणाचा जीव घेत नाही

‘बॅन्शीची किंकाळी ऐकली की ऐकणारा मरतो’ असं वर्षानुवर्षं फिरतंय. भयपट पाहून तसं वाटणं साहजिक आहे. पण आयरिश परंपरेतली ही परीलोकातली बाई मारत नाही. ठरावीक जुन्या घराण्यांतल्या माणसाच्या मृत्यूची चाहूल देते, त्याच्यासाठी रडते.

आयर्लंडमधल्या केरी परगण्यातलं १७व्या शतकातलं एक शोककाव्य पाहा. सरदार मेला दूर फ्लँडर्समध्ये (आजच्या बेल्जियमच्या भागात), बॅन्शी रडल्या केरीत. केरीतल्याच डिंगल गावचे व्यापारी घाबरले, तेव्हा कवी त्यांना बजावतो की तुमच्यासारख्यांसाठी त्या रडत नसतात! म्हणजे ऐकणारे धडधाकट आहेत, आणि ते रडणं हा घराण्याचा मान आहे. मला यापेक्षा बोलका पुरावा दुसरा वाटत नाही.

पडताळायचं असेल तर आयर्लंडच्या शाळकरी मुलांनी १९३७ ते १९३९ दरम्यान गोळा केलेल्या लोककथा इंटरनेटवर मोफत वाचता येतात.