एकी, ऐक्य, एकजूट: हे शब्द आले कुठून आणि कुणी कशासाठी वापरले

निवडणूक जवळ आली की पेपरात 'ऐक्य' हा शब्द हटकून दिसायला लागतो. मोर्चात तीच गोष्ट 'एकजूट' होते, शाळेच्या भिंतीवर 'एकता', सरकारी शपथेत 'एकात्मता', आणि गावाकडची म्हातारी माणसं अजून 'एकी' नाहीतर 'एकोपा' म्हणतात. इंग्रजीत या सगळ्यांसाठी युनिटी म्हटलं की भागतं. आपल्याकडे इतके शब्द आहेत कारण प्रत्येक शब्द वेगळ्या लोकांनी वेगळ्या गरजेपोटी उचललाय, आणि माझ्या मते ती गरज काय होती हे बघितल्याशिवाय शब्दाचा अर्थ पुरता कळत नाही.

आधी मुळाकडे जाऊ. युनिटी आला लॅटिनमधल्या युनितास वरून, आणि त्यातला 'युनुस' म्हणजे एक. हा युनुस आणि आपला संस्कृत 'एक' हे लांबचे भाऊ आहेत असं भाषाशास्त्रज्ञ मानतात, फार जुन्या काळी 'ओइ' असं काहीसं मूळ होतं, लॅटिनच्या पूर्वजांनी त्याला 'न' जोडला आणि आपल्याकडे 'क' जोडला गेला. याचा एक पुरावा तर आजच्या तुर्कस्तानात सापडलाय. तिथल्या हत्तुशा या प्राचीन शहरात मातीच्या विटांवर कोरलेला घोड्यांच्या ट्रेनिंगचा मजकूर आहे, किक्कुली नावाच्या मितान्नी माणसाचा (मितान्नी हे तिकडचंच एक प्राचीन राज्य, तिथे संस्कृतच्या जवळचे काही शब्द वापरात होते), साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा, आणि त्यात घोड्याच्या एका फेरीला 'ऐकवर्तन्न' असा शब्द आलाय. म्हणजे आपला 'एक' तेव्हा 'ऐक' होता! त्याच लॅटिन घराण्यातून युनियन, युनिट, युनिव्हर्सिटी हे शब्द आले आणि इंग्रजीतला ऑनियनसुद्धा, कारण लॅटिनमध्ये एका जातीच्या कांद्याला 'युनिओ' म्हणायचे, हे कांद्याच्या महाराष्ट्रात सांगायलाच हवं.

पण माझं लक्ष वेधून घेतलं ते दुसऱ्याच गोष्टीने. आपल्याकडची एकीची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात गाजलेली प्रार्थना म्हणजे ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं शेवटचं सूक्त, 'संगच्छध्वं संवदध्वं'. त्यात एकीसाठी 'एक' वापरलेलाच नाहीये. तिथे शब्द आहेत 'सं' आणि 'समान': बरोबर चला, बरोबर बोला, तुमची समिती समान असो, मन समान असो. पुढे पाली भाषेतही तेच. बुद्धाने वज्जींच्या गणराज्याबद्दल सांगितलं होतं की हे लोक जोवर 'समग्ग' म्हणजे एकदिलाने एकत्र होऊन जमतील आणि समग्ग होऊनच उठतील तोवर त्यांची भरभराटच होईल, आणि धम्मपदात संघाच्या एकीला 'सामग्गी' म्हटलंय. हाच शब्द संस्कृतमधून आपल्याकडे 'सामग्री' म्हणून आला आणि आता तो पूजेच्या नाहीतर बांधकामाच्या सामानापुरता उरलाय, पण मूळ अर्थ आहे सगळं जुळून पूर्ण होणं. म्हणजे आधीची कल्पना 'सगळे मिळून एकच व्हा' अशी नव्हती, 'बरोबर या, बरोबरीने या' अशी होती. बरोबर आणि बरोबरी, मराठीतसुद्धा हे दोन्ही एकाच घरातले शब्द आहेत.

'ऐक्य' शब्दाचं वळण वेगळं. एक ला संस्कृत व्याकरणाप्रमाणे वृद्धी होऊन य लागला की ऐक्य. हा शब्द शतकानुशतकं मुख्यतः तत्त्वज्ञानात राहिला, जीव आणि ब्रह्माचं ऐक्य, शिव आणि शक्तीचं ऐक्य. इथे खरंच दोन उरत नाहीत, वेगळेपण हा भ्रम होता असं मानलं जातं. संतांच्या मराठीतून हा अर्थ घरोघरी गेला. राजकारणात हा शब्द रुळला तो इंग्रजी अमलात, १९१६ चा काँग्रेस आणि मुस्लिम लीगमधला लखनौ करार, मग खिलाफतीची चळवळ, 'हिंदू-मुस्लिम ऐक्य' हा तेव्हाच्या मराठी वर्तमानपत्रांचा नेहमीचा शब्दप्रयोग झाला. म्हणजे देव-भक्ताच्या नात्यासाठी घडलेला शब्द माणसांच्या दोन समाजांना लावला, आणि तिथेच एक अडचण आली असं मला वाटतं, कारण माणसं अशी विरघळत नाहीत, त्यांचे हक्क असतात, जुन्या तक्रारी असतात.

हे सगळ्यात स्पष्ट दिसतं गिरणगावात. मुंबईत गिरणी कामगारांना एकत्र आणायचं पहिलं मोठं काम केलं नारायण मेघाजी लोखंडे यांनी, जोतिराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक माणूस. 'दीनबंधू' पेपर, १८८४ पासून सभा आणि अर्ज, बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन ही संघटना, आणि १८९० मध्ये गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. मग १९२८ चा मोठा संप, जवळजवळ सहा महिने चालला, गिरणी कामगार युनियन त्याच संपात जन्मली, लाल बावटा आणि 'कामगार एकजूट' या घोषणा तिथून घुमायला लागल्या. जूट म्हणजे जुटणं, खांद्याला खांदा लावणं, त्यामुळे रस्त्यावरच्या लढाईला हा शब्द फिट बसला.

पण त्या एकजुटीच्या आत काय होतं? अस्पृश्य कामगारांना गिरणीतल्या विणकाम खात्यात कामच मिळत नव्हतं, आणि पगार तर तिथेच चांगला होता. कारण असं सांगितलं जायचं की सूत तुटलं की धोट्याच्या (मागावर आडवं सूत नेणाऱ्या साधनाच्या) भोकातून ते तोंडाने ओढून घ्यावं लागतं, मग शिवाशिव कशी चालेल. ही बंदी नुसती मालकांची नव्हती, सोबत काम करणाऱ्या सवर्ण कामगारांचीच होती. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपात हा मुद्दा लावून धरला, की ही मागणी यादीत घेत नसाल तर माझे लोक संपात का येतील, आणि पुढाऱ्यांनी ती नाखुशीने का होईना घेतली. यावर 'बाबासाहेबांनी कामगारांची एकी मोडली' असं म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. ज्याला बरोबरीने मागावर उभं राहू देत नाही त्याला संपात बरोबर उपाशी राहायला बोलवायचं याला एकी म्हणता येत नाही. आणि दहा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ ला, संपावर बंधनं घालणाऱ्या इंडस्ट्रियल डिस्प्युट्स बिलाच्या विरोधात त्याच आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकाच संपात होते, हेही लक्षात ठेवायला हवं.

मग येतो 'संयुक्त'. सं आणि युक्त, जोडलेलं. १९४६ मध्ये बेळगावच्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते, मराठी भाषकांच्या एका राज्याची मागणी ठरावातून झाली आणि 'संयुक्त महाराष्ट्र' हा शब्द चळवळीचा झाला. 'एक महाराष्ट्र' न म्हणता संयुक्त म्हटलं ते मला फार नेमकं वाटतं, कारण जोडायचे भाग खरंच वेगवेगळे होते, विदर्भ मध्य प्रांतात, मराठवाडा निजामाच्या हैदराबादेत, बाकीचा मुंबई इलाख्यात. म्हणून अटी आल्या, १९४७ चा अकोला करार आणि १९५३ चा नागपूर करार. नागपूरला विधिमंडळाचं एक अधिवेशन, हायकोर्टाचं खंडपीठ, मराठवाड्याकडे खास लक्ष, ही सगळी नागपूर करारातली बोलणी. आज हिवाळी अधिवेशनाला पिकनिक म्हणणाऱ्यांना हे माहीत नसतं. आंबेडकर स्वतः १९५५ मध्ये मराठी भाषकांची मुंबई धरून चार राज्यं करा असं मांडत होते, तरीही त्यांचं शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन १९५६ च्या संयुक्त महाराष्ट्र समितीत आलं, कम्युनिस्ट होते, प्रजासमाजवादी होते, शेकाप होता, एस. एम. जोशी सरचिटणीस, अत्र्यांचा 'मराठा' रोज पेटलेला. एरवी यातले कित्येक जण एकमेकांचं तोंड बघत नसत. शंभराहून जास्त माणसं हुतात्मा झाली आणि १ मे १९६० ला राज्य झालं, पण जिथे ठराव झाला ते बेळगाव बाहेरच राहिलं.

आणि आजच्या पेपरातलं 'ऐक्य'? महाराष्ट्रात नुसतं 'ऐक्य' म्हटलं की बऱ्याच जणांना रिपब्लिकन ऐक्यच आठवतं. ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात रिपब्लिकन पक्ष निघाला, बाबासाहेब जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि थोड्याच काळात दादासाहेब गायकवाड आणि बी. सी. कांबळे असे दोन गट पडले. तेव्हापासून फूट, मग लोकांचा रेटा, मग ऐक्य, मग परत फूट असं चालूच आहे. ऐक्य झालं की काय होतं ते १९९८ ला दिसलं, अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सु. गवई, उत्तर मध्य मुंबईतून रामदास आठवले, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे असे चार खासदार काँग्रेसबरोबरच्या युतीत लोकसभेत गेले, तेही चौघं खुल्या मतदारसंघांतून. पुढच्याच वर्षी परत वाटा वेगळ्या. पण आंबेडकरी वस्त्यांमध्ये ऐक्याची मागणी नेते करत नाहीत, साधी माणसं करतात, नेत्यांना घेराव घालून करतात, म्हणून या शब्दात इतकी तळमळ आहे.

संविधानातही हे शब्द तोलून घातलेत. भारत हा राज्यांचा 'युनियन' म्हणजे संघ असेल, फेडरेशन का नाही, तर राज्यांनी आपसात करार करून हा देश बनलेला नाही आणि म्हणून कुणाला बाहेर पडायचा हक्क नाही, हे आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात सांगितलं. उद्देशिकेत एकता येते ती बंधुतेच्या पोटात, आणि तिच्याही आधी व्यक्तीची प्रतिष्ठा येते, हा क्रम वाचताना मला नेहमी धोट्याच्या भोकातलं ते सूत आठवतं. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने तिथे इंटेग्रिटी हा शब्द वाढवला. हिंदीत त्याचं 'अखंडता' झालं, म्हणजे तुकडे न पडणं. मराठी उद्देशिकेत मात्र 'एकता आणि एकात्मता' आहे.